२०१२ च्या बोलेरो पिकअपला इंजिन टाकायचंय, कुठलं टाकू?

टोमॅटो_एमएच१५

मंडळी, गाडी महिंद्रा बोलेरो पिकअप, २०१२ मॉडेल, बीएस-३, एमडीआय ३२०० टीसी म्हणजे टर्बोवालं २५२३ सीसी इंजिन. मीटर २ लाख ९० हजारांवर बंद पडलंय, खरं रनिंग त्याच्या बरंच पुढे असणार. पिंपळगाव बसवंत ते वाशी मार्केट, आठवड्याला चार खेपा. जाताना क्रेट भरून, येताना रिकामी.

ऑइल ६००-७०० किलोमीटरला एक लिटर खाते. ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारते, डिपस्टिक आपोआप वर उचलली जाते. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग पांढरट निळा धूर. कसारा घाट रिकामी गाडीसुद्धा तिसऱ्यात रडत चढते.

फिटर म्हणतो बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरचा दाब पिस्टनच्या रिंगांवरून खाली गळतोय, इंजिन गेलं. आता चार जण चार गोष्टी सांगतात. एक म्हणतो हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक, पिस्टन) इथेच बांधून घ्या. शोरूमवाला नवीन शॉर्ट ब्लॉक, म्हणजे तेच खालचं अर्धं इंजिन तयार जोडलेलं, सांगतो. कुर्ल्यात मार्शलचं साधं एमडीआय स्वस्तात मिळतंय. आणि एकाकडे ॲक्सिडेंट झालेल्या नव्या बोलेरोचं कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं) इंजिन पडलंय, तेही २५२३ सीसीच, "जसंच्या तसं बसतं" म्हणतो. गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची आहे. काय करावं?

लेथकाका

दादा, आधी इंजिन खरंच गेलंय का ते मापून बघा. धूर बघून इंजिन काढणारे फिटर गल्लोगल्ली आहेत.

ब्रीदरमधून येणारी हवा तीन ठिकाणांहून येते आणि रिंगा हे त्यातलं फक्त एक ठिकाण. दुसरं टर्बो. त्याचं सील झिजलं की प्रेशरची हवा ऑइल रिटर्नच्या नळीतून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरते. तिसरं कोणी बघतच नाही, ते म्हणजे अल्टरनेटरच्या पाठीमागचा व्हॅक्यूम पंप. तो ब्रेक बूस्टरमधली हवा ओढतो आणि सम्पमध्येच सोडतो. बूस्टरचा पाइप चिरला असेल तर पंप दिवसभर बाहेरची हवा इंजिनात ढकलत बसतो. गाडी उभी असताना पंपाकडचा पाइप काढा, पंपाचं तोंड बंद करा आणि ब्रीदर बघा. धूर एकदम कमी झाला तर दोनशे रुपयांच्या पाइपवरून इंजिन उतरवायला निघाला होतात असं समजा. ही तपासणी जागेवरच करायची, ब्रेक बूस्टरशिवाय गाडी हलवायची नाही.

मग कॉम्प्रेशन. डिझेलचा गेज पाहिजे, निदान ४० बारपर्यंतचा. पेट्रोलचा गेज लावला तर फुटेल. इंजिन गरम करून घ्या, चारही नोझल काढा, डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा म्हणजे डिझेल येणार नाही, एअर फिल्टर काढा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सात-आठ सेकंद. २४ च्या वर आणि चौघांत ३ बारपेक्षा जास्त फरक नाही, तर रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) धडधाकट. २० च्या खाली एखादा गेला तर त्यात एकच चमचा इंजिन ऑइल टाकून पुन्हा मापा. आकडा चढला तर गळती रिंगांतून, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एक चमचा म्हणजे एकच. डिझेलमध्ये वर जागाच इतकी कमी असते की जास्त ऑइल ओतलं तर आकडा खोटा येतो, आणि फारच झालं तर कॉनरॉड वाकतो.

हे आकडे इथे टाका, मग कुठलं इंजिन ते बोलू.

पंपनोझल

काकांच्या यादीत एक भर. ऑइल खाण्याचा संशय टर्बोवर आधी घ्यावा. टर्बोच्या दोन्ही बाजूंचे होज काढा आणि चाकाचा दांडा बोटांनी हलवा. बाजूला किंचित हलतो, ते चालतं, कारण दांडा ऑइलच्या थरावर तरंगत असतो. मागेपुढे हलता कामा नये. पंखा घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा सायलेन्सरकडची बाजू ओली काळी असेल तर टर्बो गेला. टर्बो टाकून ऑइल खाणं थांबलं तर इंजिन उतरवायचं कारणच उरत नाही.

आणि चारही नोझल टेस्ट मशीनवर लावाच. या इंजिनाचं नोझल २००-२५० बारच्या आसपास उघडतं. नेमका आकडा तुमच्या नोझलच्या नंबरावरून पंपवाला सांगेल. थेंब गळणारं नोझल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि तिथलाच बोअर सगळ्यात आधी जातो.

गिअरबदल

कुठलं इंजिन टाकू नये, एवढं मी आत्ताच सांगतो.

कॉमन रेल नको. सीसी सारखं आहे म्हणून इंजिन सारखं होत नाही. त्या एम-टू-डीआय-सीआरला, म्हणजे त्या कॉमन रेल इंजिनाला, ईसीयू (कॉम्प्युटर) लागतो, पूर्ण वायरिंग, क्रँक आणि कॅमचे सेन्सर, सेन्सरवालं ॲक्सिलरेटर पेडल, वेगळा डिझेल फिल्टर, हाय प्रेशर पंप, रेल. अर्धं सामान ॲक्सिडेंटमध्ये चेपलेलं असतं आणि विकणारा वायरिंग कापून देतो. त्यात तुमच्या डिझेल टाकीत इतक्या वर्षांचा गंज. मेकॅनिकल नोझल तो कसाबसा सहन करतं. रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं, तिथे कण गेला की इंजेक्टर संपला. रात्री दोन वाजता इगतपुरीच्या अलीकडे चेक लाइट लागला तर तो कोड वाचणारा रस्त्यावर भेटत नाही. एमडीआय दुरुस्त करणारा प्रत्येक फाट्यावर भेटतो.

मार्शलचं साधं एमडीआय फाउंडेशनवर (इंजिनाच्या बैठकीवर) बसेल, त्यात खोटं नाही. पण त्याला टर्बोची ऑइल लाइन नाही, पिस्टन वेगळे, पंपाची सेटिंग वेगळी. तसंच टाकलं तर घाट आत्ता रडतोय त्याहून जास्त रडेल. जुना टर्बो आणि जुना पंप त्यावर चढवला तर डिझेल जास्त, पिस्टन त्या उष्णतेसाठी केलेले नाहीत, मग वरची रिंग चिकटते आणि पिस्टनचा माथा वितळतो.

कोणी एक्सडी-थ्री-पी सुचवलं तर तेही नको. ते २४९८ सीसीचं प्यूजोच्या घराण्यातलं, आडवळणाने डिझेल जाळणारं, हीटर प्लगवर स्टार्ट होणारं. त्याची ताकद वरच्या आरपीएमला आहे. तुमचं एमडीआय ३२०० आरपीएमला ६३ एचपी देतं आणि त्याचा सगळा जोर खालीच आहे. तुमचे गिअर आणि क्राउन (मागच्या ॲक्सलचं दातेरी चाक) त्या हिशोबाचे आहेत.

म्हणजे राहिलं काय? स्वतःचं इंजिन बांधणं, नवीन शॉर्ट ब्लॉक, किंवा तसंच्या तसं जुनं एमडीआय टीसी. जुनं घेणार असाल तर चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच लिटरचा डबा, बॅटरी आणि पाण्याचा पाइप एवढ्यावर इंजिन जमिनीवर चालतं. वीस मिनिटं चालवा. ऑइलच्या टोपणाखाली पांढरा मलईसारखा थर आहे का बघा. टोपण सैल करून उलटं ठेवा. थरथरलं तर ठीक, उडालं तर ते तुमच्याच इंजिनाचं भावंड. ऑइल लाइटवर विसंबू नका, घड्याळाचा गेज लावून घ्या. गरम इंजिनात स्लोवर १ बार आणि ३००० ला ३ बार तरी पाहिजे.

पासिंगपेपर

सगळे नटबोल्टचं बोलताय, आरसी बुकाचं कोणी बोलत नाही.

आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ खाली आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अर्ज, मग इंजिन, मग गाडी दाखवणं आणि आरसीवर नवा नंबर. सोबत इंजिनाचं जीएसटी बिल, आरसी, विमा, पीयूसी, नंबरची पेन्सिल छाप. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचं ना हरकत पत्र.

जुन्या इंजिनाबरोबर ते ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत आणि ती स्क्रॅप किंवा रद्द झाल्याचा कागद पाहिजे. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवलेला दिसला तर मागे वळून बघू नका. चोरीच्या गाडीचं इंजिन असेल तर गाडीसकट जप्ती. "तुमचाच नंबर पंच करून देतो" म्हणणारा तर तुम्हाला सरळ गुन्ह्यात ओढतोय. नंबर जुळत नसेल तर वार्षिक पासिंगला अडकाल आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण द्याल.

कॉमन रेलचा आणखी एक घोळ. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीची धुराची मर्यादा २.४५ आहे, बीएस-४ ला १.६२. आरसी बीएस-३ ची आणि इंजिन बीएस-४ चं, असा प्राणी कुठल्या रकान्यात बसवायचा यावर खिडकीवर तास जातो.

स्वतःचा ब्लॉक बांधला तर नंबर तोच राहतो, आणि यातलं काहीच करावं लागत नाही. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

टोमॅटो_एमएच१५

सगळ्यांचे आभार. मापून घेतलं. कॉम्प्रेशन १ नंबर २६, २ नंबर २५, ३ नंबर १७, ४ नंबर २४. तिसऱ्यात एक चमचा ऑइल टाकल्यावर २२. व्हॅक्यूम पंपाचं तोंड बंद करून ब्रीदरमध्ये फार फरक नाही. टर्बो बाजूला थोडा हलतो, मागेपुढे नाही, सायलेन्सरची बाजू कोरडी.

मग हेड आणि सम्प उतरवले. तिसऱ्या बोअरमध्ये वरच्या बाजूला उभे ओरखडे, वरच्या कडेखाली झीज ०.२२ मिमी. बाकी तिन्हीत ०.१० च्या आत. पिस्टनच्या माथ्यावर ०.५० असा पंच आहे. क्रँकचं एक कॉनरॉड जर्नल (कॉनरॉड ज्यावर फिरतो तो गोल भाग) ०.०६ ने लंबगोल, बेअरिंगच्या पाठीवर ०.२५ लिहिलंय. ब्लॉकला चीर दिसत नाही. तिसरं नोझल मशीनवर गळलं.

लेथकाका

आता बोलता येईल.

पहिलं म्हणजे हे इंजिन एकदा उघडलेलं आहे. ०.५० मिमी जादा मापाचा पिस्टन म्हणजे बोअर एकदा घासून मोठा केलाय, ०.२५ बेअरिंग म्हणजे क्रँकही एकदा घासलीय. दुसरं, चारही बोअर सारखे झिजले असते तर एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी फाटून धूळ गेली म्हटलं असतं. एकच गेलाय, आणि त्याचंच नोझल गळतंय. पंपनोझल म्हणाले तेच झालंय. म्हणजे रोग नोझलचा, इंजिन त्याने मारलंय. नोझल न बदलता नवा शॉर्ट ब्लॉक टाकला असता तर तोही तिसऱ्यातच गेला असता.

ब्लॉक चांगला आहे, क्रँक वाचते. हाफ इंजिन बांधा. आणखी मोठ्या पिस्टनच्या मागे लागू नका. चारही लायनर (बोअरच्या आतल्या नळ्या) नवीन ठोकून बोअर परत स्टँडर्ड ८८.९ मिमीला आणा. या इंजिनाचा बोअर बरोबर साडेतीन इंच आणि स्ट्रोक १०१.६ म्हणजे बरोबर चार इंच, म्हणून जुने लेथवाले अजून याची मापं थाउमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात. "वीसचा पिस्टन" म्हणजे तुमचा ०.५०.

मशीन शॉपला काय सांगायचं ते लिहून न्या. बोअर करण्याआधी नवे पिस्टन त्यांच्या हातात द्या, प्रत्येक पिस्टन मापून त्याचा बोअर त्यालाच, आणि पिस्टनवर नंबर टाकायचा. शेवटचा हात होनिंगचा (दगडाने घासण्याचा), तिरप्या जाळीच्या रेघा दिसल्या पाहिजेत. आरशासारखा गुळगुळीत बोअर बघून खूश होऊ नका, त्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंगा बसत नाहीत. क्रँक ०.५० ला घासताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ठेवायला सांगा. कोपरा काटकोनात कापला की क्रँक तिथूनच तुटते, आणि भरल्या गाडीत तुटते. क्रँकच्या ऑइलच्या भोकांत ग्राइंडिंगची पूड राहते, तार आणि डिझेल घालून प्रत्येक भोक साफ. कॉनरॉड वाकलेत का तपासून घ्या, तिसरा तर नक्कीच. स्मॉल एंडचे (कॉनरॉडच्या पिस्टनकडच्या टोकाचे) बुश नवीन.

हेडचं प्रेशर टेस्टिंग करा, व्हॉल्व्ह गाइड आणि सीट बघा. फेसिंग (हेडची खालची बाजू सपाट घासणं) गरजेपुरतंच. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो, आणि सीट जास्त कापली तर व्हॉल्व्ह खोल जाऊन कॉम्प्रेशन पडतं. दोन्हीकडून मार आहे.

रिंग बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ घालून तोंडाची फट मापा. ढोबळ हिशोब दर इंच बोअरला ४ थाउ, म्हणजे इथे १४ थाउ, ०.३५ मिमीच्या आसपास. रिंगच्या पाकिटावर आकडा असेल तर तो खरा.

आणि धुणं. इथेच चांगलं काम वाया जातं. होनिंगनंतर ब्लॉक डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन उपयोग नाही, दगडाची पूड रेघांतच बसते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश. मग लगेच ऑइल लावून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं राखाडी होतंय तोवर पुन्हा धुवा. फडकं पांढरं निघेपर्यंत पिस्टन आत जाऊ देऊ नका.

पंपनोझल

जोडणीतली एक बारीक गोष्ट. नोझलखाली तांब्याचा वॉशर असतो. जुना वॉशर हेडच्या भोकात काळा पडून चिकटतो, तो हेडचाच भाग वाटतो, आणि फिटर त्यावर नवा टाकतो. दोन वॉशर झाले की नोझल उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत न पडता तिच्या काठावर पडतो. काळा धूर, ठोका, आणि थोड्या दिवसांत पुन्हा धुतलेला बोअर. बॅटरीने भोकात बघा, आकड्याने ओढून जुना काढा, मगच नवा. तुमच्या तिसऱ्यात दोन निघाले तर मला अजिबात नवल वाटणार नाही.

चारही नोझल एका सेटमध्ये बदला, पंप बेंचवर तपासून घ्या. डिझेल टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवीन.

गिअरबदल

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील बदलून टाका. सील शंभर-दोनशेचं, पण नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. फाउंडेशनचे रबर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडे खोड आहे. ती करू नका, थंड इंजिनात बोअर जास्त झिजतो. रेडिएटर खोलून रॉड मारून घ्या. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या धुवा, आत साचलेलं जुनं ऑइल नव्या इंजिनात जाऊन पहिल्याच दिवशी निळा धूर दाखवतं आणि माणूस घाबरतो.

स्टार्ट करताना टर्बोच्या वरच्या ऑइल लाइनमधून थोडं ऑइल ओता, स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा, आणि ऑइल लाइट विझेपर्यंत दहा-दहा सेकंद थांबत थांबत सेल्फ मारा. मगच वायर जोडा. रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक पेडल दाबून बूस्टर लागतोय का ते बघा, व्हॅक्यूमचा पाइप जोडायचा राहिलेला असतो.

टोमॅटो_एमएच१५

दोन निघाले. तिसऱ्यात खरंच दोन वॉशर होते.

ब्लॉक लेथवर गेला. शेवटचा प्रश्न: फिटर म्हणतो बांधल्यावर चार तास स्लोवर सोडून ठेवायची आणि महिनाभर चाळीसच्या वर न्यायची नाही. बरोबर आहे का?

लेथकाका

नाही. स्लोवर सोडलेल्या इंजिनात रिंगांच्या मागे प्रेशरच जात नाही, त्या भिंतीला दाबल्या जात नाहीत, बोअरवर ऑइलचा तकतकीत थर भाजला जातो आणि मग गाडी जन्मभर ऑइल खाते. स्टार्ट झाली की पाणी-ऑइलची गळती बघा, पंधरा-वीस मिनिटांत गरम झाली की रस्त्यावर काढा. वेग बदलत चालवा: पन्नासपर्यंत जोर द्या, पाय काढा, पुन्हा जोर द्या. एकाच आरपीएमवर लांब पळवू नका आणि चौथ्या-पाचव्यात घुसमटवू नका.

पहिले ५०० किलोमीटर अर्धे क्रेट, वाशीची खेप नाही, जवळच्या फेऱ्या. ५०० ला ऑइल आणि फिल्टर बदला, १५डब्ल्यू-४० चांगल्या कंपनीचं. निघालेलं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि चुंबक फिरवा. बारीक चंदेरी धूळ चालते. बोटाला टोचणारी चकली चालत नाही, ती दिसली तर गाडी उभी करून सम्प उतरवा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही ते गॅस्केटच्या पाकिटावर छापलेलं असतं, पाकीट फेकू नका. व्हॉल्व्हची फट मात्र पुन्हा मापायचीच.

१००० च्या पुढे पूर्ण माल. पूर्ण म्हणजे आरसीवर लिहिलाय तेवढा.